पतसंस्थेच्या सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर डिस्कसकट क्लोन झालं, तर कुलूप नेमकं कुठे लावायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघांनी पतसंस्थांसाठी पीएचपी (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) वापरून सॉफ्टवेअर लिहिलं आहे, ते संस्थेच्याच सर्व्हरवर बसवून देता, चाळीसेक संस्था वापरतात. एका संस्थेच्या हार्डवेअरवाल्याने सर्व्हरची डिस्क क्लोन (हुबेहूब नक्कल) करून शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेत ते चालू करून दिलं. आता सगळा कोड एन्कोड करावा (वाचता-बदलता येऊ नये असा बंद करावा) की यूएसबी लॉक घ्यावा (सर्व्हरला जोडलेलं असेल तरच प्रोग्रॅम चालू देणारं छोटं उपकरण), आणि ती चालू असलेली प्रत कशी बंद करावी, हे तुम्ही विचारलं आहे.

कॉपी होऊच नये अशी सोय कोणी देऊ शकत नाही, हे आधी मान्य करून टाका. सर्व्हर त्यांचा, डिस्क त्यांची, अ‍ॅडमिन पासवर्ड त्यांचा. परवाना तपासणारी कोणतीही अट शेवटी 'हो' किंवा 'नाही' वर येते, आणि ज्याच्याकडे वेळ व डीबगर (चालू प्रोग्रॅम आतून तपासायचं साधन) आहे तो 'नाही' चं 'हो' करतो. पण तुमची गाठ अशा माणसाशी नाही. डिस्क क्लोन करणाऱ्याला प्रोग्रॅमिंग येत नाही, त्याला फक्त फाइली हलवता येतात. म्हणून आपल्याला दोनच गोष्टी साधायच्या आहेत: क्लोन केलेली प्रत दुसऱ्या संस्थेच्या उपयोगाची राहू नये, आणि ती कुठे चालू असेल तर आपल्याला कळावं. या दोन गोष्टी बऱ्याच खात्रीने जमतात.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय आधी सांगतो, कारण तो बहुतेक जण शेवटी करतात. संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता सेटिंगच्या टेबलमधून छापू नका, डिजिटल सही केलेल्या परवान्याच्या फाइलीतून छापा. पासबुक, ठेव पावती, कर्ज खातेउतारा, किर्द, तेरीज, पिग्मी एजंटची पावती, सगळीकडे. 'अ' संस्थेच्या नावाची ठेव पावती 'ब' संस्था सभासदाच्या हातात देऊ शकत नाही, आणि ऑडिटरपुढे दुसऱ्याच संस्थेच्या नावाची किर्द ठेवता येत नाही. पतसंस्थेचा सगळा व्यवहार छापील कागदावर उभा असल्यामुळे हे कुलूप इथे जसं बसतं तसं दुसऱ्या फार थोड्या धंद्यांत बसतं. एक काळजी घ्या. छपाईचा नमुना उघड्या फाइलमध्ये असेल तर कोणीही नावाचा व्हेरिएबल खोडून हाताने नाव टाइप करेल. म्हणून पानाचा वरचा भाग एन्कोड केलेल्या मॉड्यूलनेच काढावा, उघड्या नमुन्याकडे फक्त खालचा मजकूर ठेवावा. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात परवाना क्रमांकही छापा, पुढे पुरावा म्हणून तो लागतो.

आता परवाना. नाव आणि गुप्त शब्द जोडून एमडी-५ (मजकुराचा ठसा) काढणं किंवा परवाना एईएस पद्धतीने एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करणं, या दोन्हीत एकच दोष आहे: परवाना तयार करायची किल्ली ग्राहकाच्या मशीनवरच पडलेली असते. ती सापडली की कोणीही परवाने छापायला मोकळा. त्याऐवजी एड२५५१९ पद्धतीची डिजिटल सही वापरा: सही करायची खासगी किल्ली तुमच्याकडे, फक्त पडताळणारी सार्वजनिक किल्ली प्रोग्रॅममध्ये. पीएचपी ७.२ पासून सोडियम एक्स्टेन्शन पीएचपीबरोबरच येतं, वेगळी लायब्ररी शोधावी लागत नाही, फक्त ते चालू आहे का ते पाहा. सार्वजनिक किल्ली ३२ बाइटची, सही ६४ बाइटची. खासगी किल्ली डेव्हलपमेंटच्या लॅपटॉपवर किंवा गिटमध्ये (कोडच्या सगळ्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) कधीही ठेवू नका. नेटला न जोडलेल्या एका मशीनवर ठेवा आणि तिची दुसरी प्रत वेगळ्या जागी कुलपात. प्रोग्रॅममध्ये सार्वजनिक किल्ल्या दोन घाला, एक चालू आणि एक राखीव. खासगी किल्ली हरवली किंवा फुटली तर सगळ्या संस्थांना अपडेट पोचेपर्यंत नवा परवाना देता येत नाही. राखीव जोडी असली की त्याच दिवशी काम सुरू होतं.

परवान्यात परवाना क्रमांक, ग्राहक क्रमांक, संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, शाखांची संख्या, परवान्याची मुदत, अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील ती तारीख आणि इन्स्टॉलेशनचा आयडी, एवढं पुरे. ही माहिती जेसन नावाच्या साध्या मजकुराच्या मांडणीत ठेवतात. सही मात्र जेसनच्या अर्थावर नाही, त्याच्या नेमक्या बाइट्सवर करायची. तपासताना जेसन उघडून पुन्हा जोडलं की मोकळ्या जागा किंवा क्रम बदलतो आणि खरा परवाना खोटा ठरतो. कोणीतरी फाइल नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह करतो, सुरुवातीला तीन अदृश्य बाइट चिकटतात, तेव्हाही हेच होतं. सगळा परवाना बेस-६४ च्या (फक्त साधी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि एकदोन चिन्हं वापरणाऱ्या लिखाणाच्या) एका ओळीत द्या आणि वाचताना कडेच्या मोकळ्या जागा काढून टाका.

मराठी नावांची एक खास अडचण आहे. 'कऱ्हाड' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात स्वतंत्र 'ऱ' हे अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि अदृश्य जोडणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, बाइट वेगळे असतात, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची सोय) या दोघांना एक करत नाही. म्हणून डेटाबेसमधलं नाव आणि परवान्यातलं नाव एकमेकांशी ताडून पाहायच्या भानगडीत पडू नका. ओळख ग्राहक क्रमांकावर ठेवा, नाव फक्त छापा.

एन्कोडिंगबद्दल. उघड्या पीएचपीत वरचं सगळं एका ओळीत निकामी होतं, कारण अट नोटपॅडमध्ये खोडता येते. त्यामुळे आयनक्यूब किंवा सोर्सगार्डियन या एन्कोडरपैकी एक लागेलच. पण फक्त परवाना तपासणारी फाइल एन्कोड करून काही साधत नाही. तिला बोलावणारी ओळ उघड्या फाइलमध्ये असते, ती काढली की झालं. एन्कोड केलेल्या भागाने काहीतरी खरं काम केलं पाहिजे: व्हाउचर पोस्टिंग, व्याज आकारणी, पानाचा मथळा. तपासणीतून 'हो-नाही' परत देऊ नका. मथळा काढणाऱ्या फंक्शनने स्वतःच परवाना वाचून, सही पडताळून नाव काढावं. म्हणजे तपासणी काढून टाकली की कामही निघून जातं. जुन्या आवृत्तीने एन्कोड केलेल्या फाइली पैसे घेऊन उलगडून देणारे लोक आहेत, तेव्हा एन्कोडर अद्ययावत ठेवा. आणि ग्राहकाच्या सर्व्हरवर पीएचपीची आवृत्ती परस्पर वाढू देऊ नका. लोडर (एन्कोड केलेल्या फाइली चालवणारा भाग) पीएचपीच्या त्याच आवृत्तीचा लागतो आणि प्रत्येक आवृत्तीला तो मिळेलच असं नाही. आयनक्यूबने पीएचपी ८.० वगळून थेट ८.१ चा लोडर काढला होता. सर्व्हरवर गिटचं फोल्डर राहिलं असेल तर एन्कोडिंगचा सगळा खर्च वाया गेला असं समजा. इन्स्टॉलर बनवताना ते तपासणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये घालून ठेवा.

आता मशीनशी बांधणं. इथे विचार न करता निवडलेली खूण प्रामाणिक गिऱ्हाइकाला छळते आणि क्लोन करणाऱ्याला काहीच करत नाही. विंडोजचा मशीन-जीयूआयडी किंवा लिनक्सची मशीन-आयडी फाइल (सिस्टिम टाकताना मशीनला मिळालेला ओळख क्रमांक) डिस्कवर असते, म्हणजे डिस्कबरोबर तीही क्लोन होते. ड्राइव्हचा व्हॉल्यूम क्रमांकही तसाच क्लोन होतो. पोस्टग्रेसचा सिस्टिम आयडेंटिफायर डिस्कबरोबर जातो, उलट डेटाचा डम्प (फाइलीत काढलेली प्रत) घेऊन नव्या पोस्टग्रेसमध्ये रिस्टोअर केला की बदलतो. तुमच्या बाबतीत झाला तो प्रकार पकडायचा तर हार्डवेअरच्या खुणा हव्यात: डिस्कचा कारखान्यातला अनुक्रमांक, मदरबोर्डचा यूयूआयडी (बोर्डाचा ओळख क्रमांक) आणि नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा ओळख क्रमांक). यात चौथी खूण म्हणून मशीन-जीयूआयडी घ्या, आणि चारपैकी किमान दोन जुळल्या तर तेच मशीन असं धरा.

हा आकडा असाच का, ते पाहा. प्रामाणिक संस्थेत डिस्क बदलली तर एक खूण जाते, तीन उरतात. लॅन कार्ड जळलं, तरी तीन. विंडोज नव्याने टाकलं, तरी तीन. क्लोन मात्र दुसऱ्या मशीनवर गेला की हार्डवेअरच्या तिन्ही खुणा बदलतात आणि फक्त जीयूआयडी जुळतो, एकच. असेंबल केलेल्या मशीनमध्ये मदरबोर्डचा यूयूआयडी पुष्कळदा नुसते शून्य किंवा नुसते एफ असा असतो. तो हजारो मशीनवर सारखाच असतो, म्हणून अशी खूण मोजणीतून काढून टाका. उरलेल्या तीनपैकी दोनचा नियम तरीही चालतो. वायफाय डोंगल आणि मोबाईलचं टेथरिंग यांचे मॅक पत्ते घेऊ नका, फक्त बोर्डावरचं कार्ड घ्या.

खुणा वाचतानाही अडतं. लिनक्सवर मदरबोर्डचा यूयूआयडी फक्त रूटला (मुख्य अधिकाराच्या युजरला) वाचता येतो आणि पीएचपी वेबसर्व्हरच्या युजरखाली चालते. त्यासाठी सुरू होताना खुणा वाचून ठेवणारी छोटी सर्व्हिस लागते. विंडोजवर डब्ल्यूएमआयसी कमांडवर विसंबू नका, नव्या विंडोज ११ मध्ये ती मुळात चालू नसते. पॉवरशेलमधून तीच माहिती मिळते. आणि सर्व्हर व्हर्च्युअल मशीन (दुसऱ्या संगणकावर सॉफ्टवेअरने चालवलेलं आभासी मशीन) असेल तर या साऱ्या खुणा फाइलीत लिहिलेल्या असतात, म्हणजे त्याही कॉपी होऊ शकतात. तिथे पुढचा उपाय कामी येतो.

पुढचा उपाय म्हणजे फिरता क्रमांक. प्रोग्रॅमने आठवड्यातून एकदा तुमच्या सर्व्हरला निरोप पाठवायचा: परवाना क्रमांक, आवृत्ती, शाखांची संख्या आणि मागच्या वेळी तुम्ही दिलेला यादृच्छिक क्रमांक. उत्तरात तुम्ही नवा क्रमांक द्यायचा आणि तो डेटाबेसमध्ये जपला जाईल. समजा क्लोन होताना दोन्हीकडे ७ होता. मूळ प्रत ७ घेऊन आली, तिला ८ मिळाला. मग क्लोन ७ घेऊनच येतो, तुमच्याकडे ८ अपेक्षित असतो. त्याला ९ द्या आणि नोंद करा. पुढच्या आठवड्यात मूळ प्रत ८ घेऊन येते, अपेक्षा ९ ची असते. दोन प्रती चालू असल्या की हा विसंवाद दर आठवड्याला आलटून पालटून दिसतो.

एकदाच दिसला तर मात्र चोरीचा आरोप करू नका. बॅकअप रिस्टोअर केला तरी जुना क्रमांक येतो. उत्तर पोचायच्या आत इंटरनेट तुटलं तरी येतो. फरक असा की या दोन्ही वेळी विसंवाद एकदा होतो आणि गाडी रुळावर येते. सलग चार आठवडे तो चालू राहिला की फोन करावा. या निरोपात सभासदांची नावं, रकमा, खातेसंख्या असं काहीही पाठवू नका. तपासणीला त्याची गरज नाही, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर अशी माहिती गोळा करणं म्हणजे जबाबदारी अंगावर घेणं आहे. काय पाठवलं जातं ते करारात स्पष्ट लिहा.

निरोप पोचला नाही तर काय, हा सगळ्यात नाजूक भाग आहे आणि यावर माझं मत ठाम आहे. काउंटरसमोर रांगेत उभ्या असलेल्या सभासदाला त्याचे पैसे त्या दिवशी मिळालेच पाहिजेत. तुमच्या डोमेनचं नूतनीकरण राहिलं, सर्टिफिकेट संपलं, गावात चार दिवस नेट नाही, यातल्या कशासाठीही भरणा आणि उचल थांबता कामा नये. पहिले ३० दिवस काहीच दाखवू नका. ३१ ते ४५ दिवस फक्त व्यवस्थापकाच्या लॉगिनला सूचना. त्यानंतर नवीन खातं आणि नवीन कर्ज उघडणं बंद. रोजचे व्यवहार, अहवाल आणि बॅकअप चालू. प्रामाणिक संस्था तोवर फोन करतेच. क्लोनवाल्याकडे नवी खाती उघडत नाहीत आणि कागदावर दुसऱ्याचं नाव छापलं जातं, मग त्याचं सॉफ्टवेअर चालू असूनही काय कामाचं? डेटा लॉक करणं, आकडे मुद्दाम चुकवणं, लांबून बंद पाडणं, हे चोरट्या प्रतीवरही करू नका. दुसऱ्याच्या संगणकाचं काम बंद पाडणं किंवा त्याला वापर नाकारणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये येतं, मग फिर्यादी तुम्ही असायच्या ऐवजी ते होतात.

मुदतीची तारीख ३१ मार्च ठेवू नका. मार्चएंड, त्यानंतरचं ऑडिट आणि सप्टेंबरपर्यंतची वार्षिक सभा आटोपल्यावरची तारीख घ्या, ३१ ऑक्टोबर बरी पडते. घड्याळ मागे नेऊन मुदत वाढवू नये म्हणून शेवटच्या व्हाउचरची तारीख पाहा. सर्व्हरचं घड्याळ तिच्यापेक्षा दोन दिवसांहून जास्त मागे असेल तर फक्त सूचना द्या. बहुतेक वेळा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो, लबाडी नसते.

ज्या संस्थेत सर्व्हरला नेट देतच नाहीत, तिथे प्रोग्रॅमने विनंतीचा क्यूआर दाखवावा आणि तुम्ही सही केलेलं उत्तर क्यूआरमध्येच द्यावं. सगळ्यात मोठ्या क्यूआरमध्ये २,९५३ बाइट मावतात, तुमचा परवाना तीनचारशे बाइटचा असेल. व्यवस्थापकाच्या फोनवरून व्हॉट्सअ‍ॅपने हे काम पाच मिनिटांत होतं. पूर्ण सर्व्हर बदलताना लागणारी परवानगीही याच वाटेने द्या, आणि वर्षातून दोनदा न विचारता मिळू द्या.

यूएसबी लॉक घ्यावा का? डिस्क क्लोनला तो नक्की अडवतो, कारण लॉक क्लोन होत नाही. पण एन्कोड न केलेल्या पीएचपीत तोही एका ओळीत निघतो, व्हर्च्युअल मशीनला जोडायचा तर वेगळी सोय करावी लागते, आणि मोडला किंवा हरवला की कुरिअर पोचेपर्यंत संस्था अडून राहते. चाळीस संस्थांसाठी वरचे उपाय पुरेसे आहेत. नेट मुळीच नाही आणि व्यवस्थापकालाही संपर्कात राहायचं नाही, अशा एखाद्या ठिकाणीच लॉकचा विचार करा.

सोर्स कोडची बाजू वेगळी आहे, तिथे कागद लागतो. तुमच्याकडे पगारावर असलेल्याने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, तुमचा. बाहेरच्या फ्रीलान्सरने लिहिलेला मात्र आपोआप तुमचा होत नाही, लेखी हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दोन्ही स्पष्ट लिहून घ्या. कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, पण रजिस्टरमधली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते. अर्जाबरोबर सोर्स कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं द्यावी लागतात, त्यात काहीही झाकून चालत नाही. तेव्हा त्या पानांत पासवर्ड किंवा किल्ली येणार नाही असं पाहा. ग्राहकाला बॅकअपची प्रत ठेवायचा हक्क कलम ५२ देतं. परवान्यात एक चाचणीचं इन्स्टॉलेशन सामील करा, म्हणजे प्रामाणिक माणूस उगाच चोर ठरत नाही.

राहिली आत्ता चालू असलेली प्रत. अपडेट लगेच पाठवून तिला डिवचू नका, आधी पुरावा गोळा करा: त्या संस्थेने दिलेल्या पावतीची किंवा पासबुकाच्या पानाची प्रत, सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक दाखवणारा पडदा, आणि तुमच्या मूळ फाइलींचे एसएचए-२५६ हॅश (फाइल जराही बदलली की बदलणारा ठसा). भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावाच लागतो, तो पहिल्या दिवशी काढलेला असला की नंतर वाद होत नाही. मग त्या संस्थेच्या अध्यक्ष आणि सचिवांना पत्र द्या, हार्डवेअरवाल्याला नको. पुष्कळदा संचालक मंडळाला हे रीतसर विकत घेतलेलं सॉफ्टवेअर वाटत असतं, त्यांनी पैसेही मोजलेले असतात. पत्रात परवाना नियमित करायची रक्कम आणि ३० दिवसांची तारीख लिहा, त्यांचा डेटा सुरक्षित राहील आणि तो नव्या परवान्यात जसाच्या तसा येईल हेही लिहा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी चा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात करा: चोरटी प्रत आहे हे ठाऊक असून वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. 'ठाऊक असून' या शब्दांसाठीच पत्र नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर हीच फाइल घेऊन वकिलाकडे जा.